तिखट्या आणि घुम्या

म्हसावद, ४ नोव्हेंबर १९५७

तीजे,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. आधी हातातलं लाटणं खाली ठेव आणि बातमी ऐक. माझं ठरलं! मुलगा तापीकाठचा, आमच्याच गुजर समाजातला. नाव रूपचंद. धुळ्याला मॅट्रिकपर्यंत शिकलाय, घरी केळीचे मळे आहेत, बसायला पांढरी घोडी आहे. पण हे सगळं कौतुक आमच्या आबांना. माझं कारण वेगळंच आहे. अगं, तो तिखट्या आहे!

विसरली नाहीस ना? मी नंदुरबारला मामाकडे शिकायला आणि भिंतीला भिंत तुमचं घर. दर हिवाळ्यात तुमच्या अंगणात घीसा भाट कठपुतळ्या घेऊन यायचा. तो तोंडातल्या पिपाणीतून नुसतं ची-ची करायचा आणि बाहुल्या काय बोलतात ते आपण ठरवायचो. चार सरदार होते, चौघांची बारशी आपणच केलेली. घुम्या, तो कोपऱ्यातून हलायचाच नाही. गुळचट्या राणीच्या मागे मागे. लाजाळू पडद्याआड पळायचा. आणि माझा तिखट्या! सगळ्या दरबारावर तलवार उपसायचा आणि शेवटी राणीपुढे येऊन डोकं टेकायचा. टाळ्या पिटून माझे तळहात लाल व्हायचे. तू मात्र घुम्यावर जीव टाकायचीस, आणि देवानं तुला नवराही तसाच दिला.

तर हा रूपचंद मला बघायला आला. मिशीला पीळ, हातात चाबूक, आणि प्रत्येक बोलण्याआधी "हट्!" मी पाणी नेलं. एक घोट घेऊन आबांच्या देखत गरजला, "हट्! हाई पानी शे का काढा? ढोरेसले पाजा हाई!" पाणी ढोरांना पाजा म्हणे! आईचा चेहरा तर उतरलाच. मी पदराआड हसत होते. म्हटलं, अस्सं! बाहेरून फणस दिसतोय, आत गरे असणारच.

त्याची बहीण मंगला स्वयंपाकघरात आली आणि विचारलं, भाऊ कसा वाटला? मी सांगून टाकलं, घीसा भाटाच्या बाहुल्यासारखा. ती बघतच राहिली.

पुढच्या महिन्यात साखरपुडा, माघात लग्न. तुझ्या अमृतलालभाऊंना दंडवत सांग. उत्तरात ते "हं" म्हणाले तरी मला कळव.

तुझी,
जसोदा


खापर, २१ नोव्हेंबर १९५७

जसोदे,

तुझं पत्र सासूबाईंनी आधी हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. त्यांना अक्षर वाचता येत नाही म्हणून वाचले. यापुढे कार्ड टाकू नकोस, पाकीटच टाक.

पोरी, अभिनंदन. पण पाण्याला काढा म्हणणाऱ्यावर भाळलीस, तुझ्यापुढे हात टेकले! तिखट्या अंगणात बरा. रोजच्या ताटात नुसती मिरची कोण वाढून घेतं?

आमच्या ह्यांचं म्हणशील तर त्यांना बोलायची गरजच पडत नाही. परवा मला सपाटून ताप भरला होता. दुकानातून आले, दारात उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं आणि तसेच परत गेले. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, विचारपूससुद्धा केली नाही. पण मला कळलं ना त्यांच्या मनात काय होतं ते. मी मनातल्या मनात सगळं ऐकलं. डाळीत मीठ विसरलं तरी चकार शब्द नाही. एवढं मोठं मन असतं अशा माणसांचं.

साखरपुड्याला यायला मिळणार नाही. दुकानाची गर्दी आहे, आणि विचारलं तर "हं" येतं, त्या "हं"चा अर्थ काय लावावा ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

तुझी,
तीजा


म्हसावद, ११ फेब्रुवारी १९५८

तीजे,

लग्न मोडलं.

मोडलं ते मोडलं, त्याचं मला काही नाही. त्याला तळोद्याकडची दुसरी सोयरीक सापडली, उसाच्या मळ्यांची. सरळ तसं सांगायचं! पण साखरपुडा झाल्यावर मुलाकडच्यांनी मोडलं तर समाजात तोंड काळं होतं, म्हणून त्यानं माझं केलं. तापीच्या दोन्ही काठांना सांगत सुटलाय, "पोरीनी चाल चांगली नही. नंदुरबारले भाटेसना मांगे फिरे." त्या मंगलानं माझं बाहुल्याचं बोलणं घरी नेलं आणि त्याचं हे झालं.

आबा चावडीवर बसेनासे झालेत. काल सरलाला, माझ्या धाकटीला, बघायला येणार होते त्यांनी निरोप पाठवला, येत नाही. तिचं काय चुकलं गं? सतरा वर्षांची पोर, माझ्याशी भांडतही नाही, नुसती कोपऱ्यात बसून असते. तिनं भांडावं तरी.

मला रडू येत नाही. मला त्याचं वाटोळं झालेलं बघायचंय. शांतीबाई आत्या म्हणते, देवावर सोड. का सोडू? देवाचा साखरपुडा मोडलाय का?

आता माझं काम ऐक. तूच एकदा सांगितलं होतंस, भाटाची किंवा त्याच्या यजमानाची कुणी बदनामी केली तर भाट त्या माणसाचा पुतळा करतो, बांबूला बांधतो, भर बाजारात मिरवतो आणि जोडे मारत त्याच्या करणीचा पाढा वाचतो. तुमच्या राजस्थानात मोठमोठे शेठ ह्याला घाबरून असतात म्हणालीस. रूपचंदनं माझ्याबरोबर घीसाचंही नाव मातीत घातलंय. घीसा तुमच्या घराचा भाट. यजमानाच्या घरचा शब्द गेला की तो निघेल. तू शब्द दे.

जसोदा


खापर, २ मार्च १९५८

प्रिय जसोदा,

पत्र वाचलं. त्या मेल्याच्या जिभेला कीड पडो.

पण बाई, पुतळ्याचं डोक्यातून काढून टाक. चिखलात दगड मारला की आपल्याच अंगावर उडतं. लोक विसरतात. वर्षभरात कुणाला आठवणारही नाही. आणि घीसा यंदा ह्या बाजूला फिरकलाच नाही. आजारी आहे म्हणे, तिकडे मारवाडातच आहे. माझा शब्द पोचवू तरी कुठे?

शांत राहा. सरलाचंही होईल सगळं नीट.

तुझी,
तीजा


म्हसावद, १९ मार्च १९५८

सौ. तीजाबाई यांस,

आमचा सालदार वाहरू खापरच्या बाजाराला बैल बघायला आला होता. त्यानं घीसा भाटाचा खेळ पाहिला. कुठे पाहिला माहीत आहे? तुमच्या दुकानाच्या ओट्यासमोर. तुम्ही वरच्या खिडकीत बसला होतात, हेही त्यानं सांगितलं. आजारी माणूस चांगला नाचवत होता म्हणे बाहुल्या!

खोटं बोललीस. ह्याचंही मला काही वाटलं नसतं, पण का बोललीस ते मला कळलंय. रूपचंदच्या घरचा सगळा कापूस तुमच्या अमृतलालच्या आडतीत येतो. वाहरूनं गाड्या पाहिल्या. म्हणजे माझी अब्रू गेली तरी चालेल, गाड्या अडायला नकोत.

तर मग तूही ऐकून घे. तुझ्या घुम्याच्या पोटात काहीही नाही. तू तापानं फणफणलीस आणि तो दारातून परत गेला, कारण त्याला चहा हवा होता आणि चूल थंड दिसली. मोठं मन म्हणे! लाकडाला मन असतं का? तू आपली आतून ची-ची करत राहा आणि त्याचे शब्दही तूच बोलत राहा.

रूपचंदनं मला परकी असून मारलं. तू माझी असून मारलंस. त्याचा हिशेब आधी होईल, मग तुझा.

जसोदा


खापर, २२ नोव्हेंबर १९५८

जसोदे,

आठ महिने तुझं ते पत्र मी तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. राग आला की काढायचं, वाचायचं आणि आणखी रागवायचं. आधी तुझ्यावर. नंतर नंतर दुसऱ्याच माणसावर.

आषाढात माझं मूल गेलं. पाचवा महिना होता. तुला कळवलं नाही, कारण आपण बोलत नव्हतो. त्या दिवशी हे दारात आले, माझ्याकडे पाहिलं, आणि सासूबाईंना विचारलं, "जेवण कोण करणार?" इतकंच. मी फार प्रयत्न केला गं ह्याच्यात काहीतरी चांगलं ऐकायचा. नाही ऐकू आलं.

तू लिहिलंस ते खरं आहे. रूपचंदच्या गाड्यांसाठीच त्यांनी मला तुला तसं लिहायला लावलं. लावलं म्हणजे तोंडानं नाही. तुझं फोडलेलं पाकीट माझ्यासमोर ठेवलं, मान हलवली आणि निघून गेले. अर्थ मीच लावला, नेहमीसारखा. आता पुरे झालं.

दिवाळीला नंदुरबारला गेले होते. घीसा आला होता. मी बापूजींना विचारलं नाही. यजमानाच्या लेकीचा शब्द भाटाला यजमानाइतकाच. त्याला ओट्यावर बसवला आणि रूपचंदनं त्याचं नाव कशात ओढलंय ते सगळं सांगितलं. म्हातारा उठून उभा राहिला. म्हणाला, "बाईसा, मेरी बेटी की उमर की छोरी!" खापरला खेळ केला तेव्हा त्याला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. घोड्यांच्या बाजाराला रूपचंद येणारच, तळोद्याचे सोयरेही येणार, तुमचे पंच येणार. घीसाही येईल. आता त्याला सांग, तो माणूस चालतो कसा, टोपी कशी घालतो, चाबूक कोणत्या हातात धरतो. एकही खोड विसरू नकोस. लाकूड त्यानं आणलंय.

तीजा


म्हसावद, ३० डिसेंबर १९५८

माझ्या तीजे!

आधी तुझ्या गळ्यात पडून रडू दे. मूल गेलं आणि मी तुला ते तसलं लिहून बसले होते. माझी जीभ झडली नाही कशी?

आता ऐक, आणि मोठ्यानं हसायचं असेल तर गच्चीवर जाऊन वाच.

यात्रेचा भर दिवस. घोड्यांच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही. रूपचंद पांढऱ्या घोडीवर, तळोद्याचे सोयरे त्याच्या बाजूला, हट् हट् चाललेलं. आणि तिकडून ढोलकी वाजली. घीसाची बायको ढोलकी बडवत पुढे, मागे घीसा, त्याच्या खांद्यावर बांबू, आणि बांबूच्या टोकाला रूपचंद! तीच मिशी, तीच तिरपी टोपी, डाव्या हातात चाबूक. आणि तीजे, पुतळा लाकडी घोडीवर उलटा बसवलेला, तोंड शेपटीकडे! घीसानं पिपाणीतून "हट्" असं काढलं की काय सांगू. पोरंटोरं लोळायला लागली.

मग त्यानं पिपाणी काढली आणि स्वतःच्या आवाजात बोलला. ह्यानं साखरपुड्याचा घास खाल्ला आणि त्याच ताटात थुंकला. दुसरा ऊस गोड लागला म्हणून पहिल्या पोरीवर चिखल उडवला. माझ्या पिकल्या केसांवरही उडवला. आणि मारला जोडा! एकेका वाक्याला एकेक. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजच नव्हती. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या आणि बोटं रूपचंदकडे.

तो खाली उतरला आणि चाबूक उगारून धावला. तेव्हा आमच्या समाजाचे म्हातारे पंच, दगा आप्पा, मधे उभे राहिले. म्हणाले, "थांब. तुना पुतळा नही, तं तुले राग काबरं?"  आप्पांनी तिथंच बैठक मारली. पोरीला कुणी पाहिलं? केव्हा? कुठे? तो म्हणाला, मंगलानं सांगितलं. मंगलाला बायांतून उठवून आणलं. ती रडायलाच लागली, "ती इतलंच बोलनी, भाऊ बाहुलासारखा दिखस."

अख्खी यात्रा हसली. बांबूवर बाहुला होताच ना समोर!

तळोद्याचे सोयरे उठले. बैल जुंपले आणि गेले. पंचांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पोर निर्दोष आहे. आबा माणसांत ताठ मानेनं बसले होते, दहा महिन्यांनी. मी बायांच्या गर्दीत उभी होते आणि मला इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं, की सांगता येत नाही.

पण एक खोच राहिली. पंचांनी न्याय पुरा केलाय. रूपचंदनं माफी मागावी आणि ठरल्याप्रमाणे माझ्याशीच लग्न करावं! आबांनी हात जोडून होकार दिला. घरात गूळ वाटला गेला. मी म्हटलं, आता पौष लागेल, पौषात बोलणी नकोत, माघात बघू. सगळ्यांना वाटलं लाजली. त्याआधी सरलाचं मात्र उरकून घ्या म्हटलं. तिला बघायला उद्याच येताहेत.

तुझी,
जसोदा


खापर, १४ जानेवारी १९५९

जसोदे,

पत्र वाचून इतकी हसले की सासूबाईंना वाटलं मला काही झालं.

इकडे कळलंय. रूपचंदच्या गाड्या आता दुसऱ्या आडतीत जातात. ह्यांनी घीसाला बोलावून विचारलं, त्यानं छाती पुढे काढून माझं नाव सांगितलं. तेव्हापासून हे माझ्याशी अजिबात बोलत नाहीत. पूर्वीही बोलत नव्हते, त्यामुळे फरक पडलाय हे मला चार दिवसांनी कळलं.

सरलाचं झालं का? आणि माघात तू काय करणार आहेस? मला एकच भीती वाटते. तो येईल, मान खाली घालेल, आणि तू टाळ्या वाजवशील.

तीजा


म्हसावद, १६ फेब्रुवारी १९५९

तीजे,

सरलाचा साखरपुडा पौषाच्या आत झाला. मुलगा साधा आहे, आपल्या चौघांतल्या कुठल्याच नावात बसत नाही. तिला आवडलाय. मुलाकडच्यांना मी आधीच निरोप पाठवून विचारलं होतं, उद्या थोरलीनं काही वेडंवाकडं केलं तर मोडणार का? मुलाची आई कौसाबाई स्वतः येऊन म्हणाली, "आम्ही सरलाले मांगी लिन्ही, तुले नही." तेवढं ऐकल्यावर मी मोकळी झाले.

काल रूपचंद आला. बरोबर त्याचा बाप, दगा आप्पा, चार पंच. चाबूक नव्हता. टोपी मांडीवर घेऊन खाली बसला आणि आवाज असा की कान पुढे करावा लागे. म्हणाला, माझी चूक झाली, पोटात घ्या. आणि खरंच वाकला, तीजे. सगळ्यांसमोर, माझ्याकडे तोंड करून, डोकं जमिनीपर्यंत.

तुझ्यापासून काय लपवू?  शाळेच्या वयापासून मी ज्या घटकेची वाट बघत होते तीच ही. एवढं वाटलं की जावं आणि त्याला उठवावं. मग सरला दिसली, दाराशी उभी. दहा महिने ती कोपऱ्यात बसून होती. हा वाकला तो कुणापुढे? माझ्यापुढे नाही. पुतळ्यापुढे वाकला. बांबू नसता तर आज तळोद्याच्या मांडवात मिशीला पीळ देत उभा असता आणि सरला अजून कोपऱ्यात असती.

आप्पा म्हणाले, "बोल बेटा, मंजूर शे ना?" नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. मान हलवायची असते तेवढीच.

मी म्हटलं, "नही."

आबा उठून उभे राहिले. आप्पांनी विचारलं, का? मी म्हटलं, "पोऱ्यानी चाल चांगली नही, असं मन्हा कानवर उनं."

"कोनी सांगं?"

"लोके सांगतस."

कुणी पाहिलं, केव्हा, कुठे, सगळं आप्पांनी विचारलं. मी पुन्हा पुन्हा तेच, लोके सांगतस. रूपचंदच्या कपाळावर घाम आला. तेव्हा त्याच्याकडे बघून मी म्हटलं, "दोन मिनिटांत इतका घाम? मी दहा महिने पुसत होते."

ते गेले. त्याला आता ह्या पट्ट्यात कोण मुलगी देतो बघू. पण आबा माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते, हातचं गेलं. पंचांचा मान मोडलेल्या घरी कुणी जाऊ-येऊ नये असं गावात ठरल्यासारखं झालंय. विहिरीवर मी गेले की बाया घागरी उचलतात. निर्दोष ठरले होते गं, जेमतेम दीड महिना. मला पस्तावा नाही. पण ह्या गावात माझ्या ओट्यावर येऊन बसेल असं एक माणूस उरलेलं नाही.

जसोदा


खापर, ४ मे १९५९

जसोदे,

शाब्बास! हे पत्र मी तांदळाच्या डब्यात ठेवलं नाही. उशीखाली ठेवलं.

त्याचा परिणाम आधी सांगते. ह्यांच्या कानावर सगळं गेलं आणि दोन महिन्यांनी आमच्या घरात एक अख्खं वाक्य बोललं गेलं. "त्या बाईला पत्र लिहायचं नाही." पाठोपाठ सासूबाईंनी री ओढली, पंचांना उलट बोलणारीची संगत नको.

 मी अडीच महिने लिहिलं नाही, तुझं दुसरं पत्र आलं तेही त्यांनी फाडलं. काय लिहिलं होतंस ते मला कळलं नाही, पण तू वाट बघत असशील हे कळलं.

रविवारी आखाजी आहे. सगळ्या लेकी माहेरी जातात. खानदेशात ह्या सणाला सुनेला अडवायची कुणाची छाती नाही, सासूबाईंचीही नाही. काल गाडी सांगितली. गाडीवान चौकात ओरडला, "बाईसा, नंदुरबार ना?" दुकानात गिऱ्हाईक होतं, शेजारी ओट्यावर होते. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "नाही, म्हसावद. जसोदाबाईच्या घरी. यंदा मला माहेर तिथं." सगळा बाजार वळून बघायला लागला. तुझ्या ओट्यावर मी भर दुपारी येऊन बसणार आहे, शालू नेसून. विहिरीवरही आपण दोघी जाऊ. बघू किती घागरी उचलतात.

रात्री मी पेटी भरत होते. सगळ्या साड्या भरल्या, थंडीतली शालसुद्धा. हे दारात येऊन उभे राहिले. पेटीकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं. मला वाटलं, आता वळतील आणि जातील. गेले नाहीत. एक पाय आत टाकला आणि म्हणाले, "परत कधी येणार?"

चार वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आवाज जरा कापतही होता. त्यात काय काय होतं ते मला ऐकू आलं असतं, पूर्वी.

मी पेटीचं झाकण लावलं आणि कडी घातली.

तुझी,
तीजा